कावळ्यांची वही

यंदाच्या सुगीच्या सणाला आत्याने आणलेला भोपळा मी लिलावात १,१०० रुपयांना घेतला. मंडईत तो साठाला मिळाला असता. आमच्या ख्रिस्ती मंडळीतली ही रीत बाहेरच्यांना सांगावी लागते. लोक शेतातलं, परसातलं, नाहीतर सरळ मंडईतलं काहीबाही आणून व्यासपीठापुढे मांडतात. बाजरीची कणसं, मेथीच्या जुड्या, अंडी, एखादा पाय बांधलेला कोंबडा. उपासना संपली की अंगणात बोली लागते. एकच नारळ तीनदा विकला जातो, कारण घेणारा पैसे भरून तो परत टेबलावर ठेवतो. यंदा ८६,४०० रुपये जमले. मी खजिनदार.

कमिटीत मी ठराव मांडला, सगळी रक्कम मुदत ठेवीत टाकू. गेल्या दोन वर्षांत पाळकांचा पगार चार वेळा उशिरा झाला होता, गंगाजळी नावाला नव्हती. आत्या उठली आणि म्हणाली, मंडळीतल्या एका मुलीची नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी थकली आहे, ती भरा. उरतील ते गळक्या छपराला लावा. वर्ष संपायच्या आत पेटी रिकामी दिसली पाहिजे. मग खाली बसता बसता तिने मान्नाचं, देवाने रानात इस्राएल लोकांना रोज दिलेल्या अन्नाचं, काढलं, आणि कमिटी पुढच्या रविवारवर गेली.

संध्याकाळी मी भोपळा द्यायला तिच्याकडे गेलो. भांडायला गेलो, म्हणा.

"ठेव तिथं ओट्यावर. घाऱ्या करते. तोंड का असं झालंय?"

"आत्या, सगळ्यांसमोर तू म्हणालीस, पैसा बँकेत ठेवणं म्हणजे मान्ना सकाळपर्यंत ठेवणं. मला किडे पडलेल्या पैशाचा खजिनदार ठरवलंस."

"शास्त्रात आहे ते बोलले."

"अर्धंच बोललीस. निर्गमाचा तोच सोळावा अध्याय पुढे वाच. रोज माणशी एक ओमर माप, जास्त ठेवला तर सडायचा, बरोबर. पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला देवानेच सांगितलं, आणि तो नाही सडला. उद्याची सोय देवाला मुळातच नको असती, तर शब्बाथाला उपाशी ठेवलं असतं. आणि योसेफाचं काय? सात वर्षं पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात भरला, म्हणून मिसर जगला, आणि शेवटी त्याचे भाऊही जगले. ते कोठार म्हणजे मुदत ठेवच."

"योसेफाला स्वप्नाचा अर्थ कळला होता. तुला काय स्वप्न पडलंय?"

"मला पाळकांच्या पगाराचं पडतं. रोज."

ती हसली. आत्या चौतीस वर्षं नर्स होती. हसतानाही ती माणसाकडे ताप बघितल्यासारखी बघते.

"आणि लूकमधला तो शेतकरी?" ती म्हणाली. "जुनी कोठारं पाडून मोठी बांधणारा?"

"तो स्वतःसाठी बांधत होता. मी मंडळीसाठी."

"तोही तसंच काहीतरी बायकोला सांगत असेल."

या वादात मला एक गोष्ट नेहमी खटकते, ती इथेच नोंदवतो. शास्त्रात दोन्ही बाजूंना वचनं आहेत. कोठारात न साठवणारी पाखरं आहेत आणि साठवणारी मुंगीही आहे. ज्याच्या खिशात पैसे असतात तो मुंगीकडे बोट दाखवतो, ज्याच्या नसतात त्याला पाखरं दाखवली जातात. पाळकांच्या पगाराच्या वेळी आमची मंडळी हमखास पाखरांवर येते.

मी हे बोललो तेव्हा आत्याने विळी पुढे ओढली आणि भोपळा चिरायला घेतला.

"तुला मिलो माहीत आहे का?" तिने विचारलं.

माहीत होता, ऐकून. १९७२ चा दुष्काळ आमच्या घरात सणासारखा दरवर्षी निघतो. आत्या तेव्हा चौदा वर्षांची. पाथर्डी तालुक्यातलं गाव, विहिरीचा तळ दिसलेला, बैल विकलेले. आजी आणि आत्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी मिळायची, तिला मिलो म्हणत. मुलांना सुकडी वाटायचे.

"पहिल्यांदा पोतं उघडलं तेव्हा आई दाणे हातात घेऊन बघतच राहिली. लाल, बारीक. म्हणाली, हे काय आहे? जनावराचं आहे का माणसाचं? भाकरी थापताना तुटायची. चव म्हणशील तर नाहीच. पुढे मी नर्सिंगला होते तेव्हा एका पाळकांनी उपदेशात सांगितलं, इस्राएल लोकांनी पहिल्यांदा ते पांढरं पडलेलं बघितलं आणि एकमेकांना विचारलं, हे काय आहे? त्याच प्रश्नावरून त्याचं नाव पडलं, मान्ना. मी बाकावर बसल्या बसल्या रडले. मला आईचा हात दिसला, लाल दाण्यांचा."

"गोष्ट छान आहे," मी म्हणालो, "पण मिलो आभाळातून पडला नाही, आत्या. बोटीतून आला. ज्या कामावर तुम्ही खडी फोडलीत, ते काम सरकारने काढलं होतं. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं अशा कामांवर होती. हे आपोआप होत नाही. वि. स. पागे नावाच्या माणसाने मागेल त्याला काम, ही कल्पना आधीच डोक्यात घोळवली होती, तासगाव तालुक्यात करून बघितली होती. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, १९७९ पासून अमलात आला, आणि शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर मुळात त्यासाठीच आला. माझ्याही पगारातून कापतात. याला मी व्यवस्था म्हणतो. तू पुरवठा म्हणतेस आणि सगळं श्रेय वर पाठवतेस. पागेंचं नाव तुम्ही मंडळीत देता त्या एका तरी साक्षीत आलंय का?"

"नाही आलं."

"आणि त्या अमेरिकी धान्याबरोबर गाजर गवतही आलं म्हणतात. तेही प्रभूनेच पाठवलं का?"

"निदण त्याच्याही शेतात असतंच की." तिने बिया वेगळ्या काढून ताटलीत ठेवल्या. "पण पागेंचं तू बरोबर बोललास. एलीया संदेष्टा करीथ ओहोळापाशी लपला होता तेव्हा त्याला भाकर कोण आणून द्यायचं?"

"कावळे."

"कावळ्याला ठाऊक होतं, एलीया कोण ते? नियमशास्त्रात तर तो अशुद्ध पक्षी. स्वतःची पिल्लं सोडून दुसऱ्याला खायला नेणारा कावळा तू कधी बघितलास? देव देतो म्हणजे कावळा नसतो, असं मी म्हटलंच नाही. तू कावळा मोजतोस आणि तिथंच थांबतोस."

"आणि तुम्ही लोक कावळा विसरता. साक्षीत एलीया असतो, भाकर असते, देव असतो. कावळ्याला कुणी घरी चहाला बोलावत नाही."

यावर ती पटकन बोलली नाही. मला वाटलं, हा मुद्दा गेला खात्यात जमा. आता लाज वाटते, पण त्या वेळी मी गुणच मोजत होतो.

मग मी पंडिता रमाबाईंना मध्ये आणलं. दौंडजवळच्या केडगावच्या, आपल्या नगरच्या केडगावचा संबंध नाही. हा आत्याचा बालेकिल्ला. रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये तिची एक मावशी वाढली होती. पंडिता रमाबाईंनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरचं चरित्र वाचलं होतं. हजारो अनाथ मुलं सांभाळणारा हा माणूस, माणसापुढे हात पसरायचा नाही, देवाजवळच मागायचं, असा त्याचा नेम. रमाबाईंवर त्या वाचनाचा खोल परिणाम झाला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि पोरक्या, उपाशी मुली-बायका शेकड्यांनी घेऊन आल्या. तेही अमेरिकेतल्या मंडळाने दिलेल्या दहा वर्षांच्या मदतीच्या वचनाची मुदत संपत आलेली असताना. आत्या ही गोष्ट सांगते तेव्हा तिचा आवाज बदलतो.

"हिशेब करत बसल्या असत्या," ती म्हणाली, "तर एक मुलगी आली नसती."

"आत्या, त्या मुली आल्या कुठे? केडगावच्या जमिनीवर. ती जमीन रमाबाईंनी दुष्काळाच्या आधीच घेतली होती. का? अमेरिकेची मदत थांबली तर संस्था स्वतःच्या पायावर उभी राहावी म्हणून. फळझाडं लावली, विहिरी खणल्या. पुढे माग आले, छापखाना आला. ही बाई गुडघ्यावर होती हे मान्य, पण आधी सातबारा बघून मग गुडघ्यावर. आणि तुझा म्यूलर! माणसाजवळ मागत नव्हता, पण दरवर्षी छापील अहवाल काढत होता. किती मुलं, किती खर्च, कुठल्या दिवशी किती उरले, सगळं पैशापर्यंत. असा अहवाल वाचून कोण पाकीट पाठवणार नाही? त्याच्याबद्दल तेव्हाही लोकांनी हेच म्हटलं."

"अहवाल काढला तो हिशेब द्यायला."

"मग मलाही हिशेबच द्यायचाय."

"तुला हिशेब द्यायचा नाही. तुला झोप हवी." विळी आडवी करत ती म्हणाली. "खजिनदाराची झोप. बँकेतलं पुस्तक उशाशी ठेवून."

ही झोपेची गोष्ट लागली मला. कारण आमच्या घरात झोप कुणाची उडायची ते मी बघितलंय. पप्पा, म्हणजे आत्याचा भाऊ, विश्वासाचा माणूस. पगार झाला की वाटेत कुणी भेटलं, त्याला दे. प्रभू बघून घेईल. आणि प्रभू बघायचाही, पण त्याआधी मम्मी बघायची. किराणावाल्याला काय सांगायचं, दूधवाल्याला कुठली तारीख द्यायची, ते तिचं काम. एकदा माझी शाळेची फी भरायला तिने कानातलं विकलं. पप्पांनी प्रार्थनासभेत साक्ष दिली की प्रभूने फीची सोय केली. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मला म्हणूनच घरातली वाटतात. त्यांचे यजमान टिळक हातातलं देऊन मोकळे होणार आणि चूल कशी पेटायची ते लक्ष्मीबाई बघणार. लक्ष्मीबाईंना लिहिता आलं, शिवाय हसताही आलं. मम्मीला दोन्ही जमलं नाही.

"विश्वास एकाचा आणि काळजी दुसऱ्याची," मी म्हणालो. "आपल्या लोकांत बहुतेक वेळा असंच असतं. मला मंडळीची मम्मी व्हायचं नाही."

"कानातल्याचं मला माहीत नव्हतं," आत्या म्हणाली.

"कुणालाच नव्हतं. साक्षीत नव्हतं ना."

तिने कढई घेतली, परत ठेवली. थोडा वेळ बाहेर रिक्षा वगैरे ऐकू येत राहिलं. मग माझ्याच्याने राहवलं नाही आणि मी एप्रिल काढला. २०२१ चा. तो या घरात कुणी काढत नाही.

पप्पांसाठी तीन दिवस साखळी प्रार्थना चालली होती, तासातासाला एकेक कुटुंब. बेड मिळाला. ऑक्सिजन मिळाला नाही. चौथ्या दिवशी पहाटे गेले. सहा महिन्यांनी उपासना पुन्हा सुरू झाल्या तेव्हा मंडळीतला एक भला माणूस उभा राहिला आणि डोळे पुसत म्हणाला, शहरात एक सिलिंडर शिल्लक नसताना प्रभूने माझ्यासाठी पुरवला. सगळे आमेन म्हणाले. मी बाहेर जाऊन गाडीपाशी उभा राहिलो.

"त्याच्यासाठी पुरवला, तर पप्पांच्या वाट्याचा कुणी काढला? बोल ना. तुझ्या जमाखर्चात हे कुठल्या बाजूला लिहायचं? तुमच्या सगळ्यांच्या वहीत नुसती जमाच असते. नावे टाकायला पानच नाही. असली खतावणी मी ऑडिटमध्ये परत पाठवतो."

वही मी बोलण्याच्या ओघात म्हणालो. पण आत्याची वही खरंच आहे. लांबट, निळ्या पुठ्ठ्याची, अशा आजवर अकरा झाल्या. दर रात्री ती एक-दोन ओळी लिहिते. आम्ही पोरं त्याला देवाची रोकडवही म्हणायचो. मी कधी उघडली नव्हती.

"मान्ना बंद कधी झाला?" तिने विचारलं. मला वाटलं, विषय बदलतेय.

"कनानात पोचल्यावर. गिलगालला. त्या जमिनीचं धान्य खाल्लं, दुसऱ्या दिवसापासून मान्ना पडला नाही. यहोशवा, पाचवा अध्याय. म्हणजे तिथून पुढे नांगर."

"तिथून पुढे नांगर," ती म्हणाली. "म्हणून तर मोशेने आधीच सांगून ठेवलं होतं. अनुवादाचा आठवा अध्याय. त्याला भुकेची भीती नव्हती रे. पोट भरल्यावर, चांगली घरं बांधल्यावर हे लोक विसरतील, ती भीती. म्हणून एक ओमर बरणीत भरून ठेवायला सांगितला, पुढच्या पिढ्यांना दाखवायला. आता बघ, खायला ठेवला तो रात्रीत सडला. दाखवायला ठेवला तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला. मान्ना तोच."

"टिकला कुठला? शलमोनाने मंदिर बांधलं तेव्हा कराराच्या कोशात दोन पाट्यांखेरीज काहीच नव्हतं, असं राजेमध्ये स्पष्ट आहे. बरणी गेली कुठेतरी."

"म्हणून मी लिहून ठेवते," आत्या म्हणाली. मग बऱ्याच वेळाने दोघंही हसलो.

ती आत गेली आणि वही घेऊन आली. मांडीवर ठेवून मला म्हणाली, वाच. मी उघडली. गॅस संपला त्याच दिवशी पेन्शन जमा. गुडघ्याचा एक्स-रे, डॉक्टरांनी पैसे घेतले नाहीत. पाऊस, पेरणीआधी दोन दिवस. शेजारच्या पोराला नोकरी. साध्या ओळी, कुठे वचन नाही, उपदेश नाही. मी एप्रिल शोधला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. पण ही या वर्षाची वही होती.

"ते नवव्या वहीत आहे," ती म्हणाली. तीही तिने आणलेली होती, खाली धरलेली. "पुढून बघू नकोस. पुढून काही नाही. १९ एप्रिलनंतर दोन महिने मी पुढून एक अक्षर लिहिलं नाही. मागून बघ."

मी वही उलटी केली. शाळेत आपण रफ वही मागून सुरू करायचो तशी ती मागूनही सुरू झाली होती. वर शाईने लिहिलं होतं, कावळे. खाली नुसती यादी. तारीख, माणूस, काय आणलं. किराणावाला, तीन महिने थांबला. बसमधली मुलगी, जागा. कलेक्टर कचेरीतला शिपाई, दाखल्यासाठी दोनदा जिने चढला. पुढल्या पानांवर देवाच्या नावाने जे जमा होतं, त्यातलं जवळपास प्रत्येक मागे कुणाच्या तरी नावावर होतं. काही नावांसमोर दुसऱ्या शाईत आणखी काही लिहिलेलं. माझं नाव सापडलं, सहा वेळा. एकदा तर मी फक्त बल्ब बदलला होता.

मग ते पान आलं. २१ एप्रिल. वेल्डिंगवाला, जुन्या बाजारातला. सिलिंडर, रात्री अडीच, स्कूटरवर. उशीर झाला.

"हे मला कुणी सांगितलं नाही."

"तू मम्मीला सांभाळत होतास. तो दारात उभा होता, सिलिंडर पायाशी. मुसलमान माणूस, रोजे होते त्याचे, रमजान चालू होता. मी म्हटलं, बाबा, गेले ते. तर खाली बसला. मला काही कळेना, याला कुठल्या बाजूला लिहू. आलं तर होतं. कामाला आलं नाही. पण आणलं तर होतं ना त्याने? पुढून लिहिता येईना. मागून लिहिलं."

त्या ओळीसमोर दुसऱ्या शाईत होतं, मुलीचं बाळंतपण, तीन रात्री.

"त्याच्या मुलीचं," आत्या म्हणाली. "गेल्या वर्षी. अडलं होतं, दवाखान्यात सोबत कुणी बाईमाणूस नव्हतं. त्याने फोन केला."

"आणि माझा प्रश्न? पप्पांच्या वाट्याचा कुणी काढला?"

"मला माहीत नाही." तिने वही माझ्याकडून घेतली नाही. "चौतीस वर्षं वॉर्डात काढली. एका खाटेवरचा बरा होऊन घरी जायचा, शेजारचा जायचा नाही. दोघांचेही नातेवाईक त्याच व्हरांड्यात प्रार्थना करायचे. तेव्हाही मला माहीत नव्हतं."

मी यावर काही बोलू शकलो असतो. बोललो नाही. नंतर विचार करताना जाणवलं की मी तिच्या विश्वासाशी भांडत होतो खरा, पण तिची वही मम्मीच्या कानातल्यालाही जागा देणारी निघाली. पप्पांच्या साक्षीत ती जागा नव्हती. माझ्या खतावणीतही बल्ब कधी आला नसता.

ठेवीचा ठराव मी अजून मागे घेतलेला नाही. पगार महिन्याच्या एक तारखेला व्हायला हवा, हे माझं म्हणणं कायम आहे. त्या प्रभूच्या प्रार्थनेतसुद्धा, मी जाता जाता तिला सांगितलं, रोजच्या भाकरीच्या जागी जो मूळ ग्रीक शब्द आहे तो इतका दुर्मीळ आहे की काही अभ्यासक त्याचा अर्थ आजपुरती असा करतात आणि काही उद्याची.

"उद्याची मागायची," ती म्हणाली, "पण आज मागायची. आणि त्या पोरीच्या फीची शेवटची तारीख शुक्रवार आहे. तुझी कमिटी रविवारी."

मी फोनवर कॅलेंडर बघितलं. खरंच शुक्रवार होता.

"आता आलाच आहेस तर आजचं लिही," आत्या आतून म्हणाली. तेल तापल्याचा वास आला. "माझा चष्मा कुठे गेला बघ. भोपळा लिही. आणि मम्मीचं कानातलंही लिही, साल आठवत असेल तर."

पेन वहीच्या खोबणीत होतं. मी चालू वही मांडीवर घेतली, तारीख घातली. साल १९९४ असावं, मी सहावीत होतो.

"आत्या," मी हाक मारली, "पुढून लिहू का मागून?"

घाऱ्या कढईत सोडल्या होत्या. तिला ऐकू गेलं नाही.